फॉरमॅट मारण्याआधी: सेकंडहँड कॉम्प्युटर ताळ्यावर आणायची रीत

आमच्याकडे कॉम्प्युटर मंद झाला की सगळ्यांजवळ एकच औषध असतं: "फॉरमॅट मारून घे." मशीन दुकानात जातं, विंडोज नव्यानं पडतं, आठ दिवस बरं चालतं आणि नवव्या दिवशी पुन्हा तेच गोल गोल फिरणं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बारा वर्षांपासून मी हीच मशिनं उघडून बसतो. नुसत्या फॉरमॅटनं सुटेल असा आजार त्यातल्या थोड्यांनाच असतो. बाकीच्यांना धूळ खाते, फायली साठवणारी हार्ड डिस्क थकलेली असते, नाहीतर रॅम, म्हणजे चालू कामाला लागणारी मेमरी, पुरत नाही. म्हणून या लेखात फॉरमॅट बऱ्याच उशिरा येईल.

उदाहरणाला एकच मशीन घेतो. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, तोंडावर शेजारच्या गावचे एक किराणा दुकानदार काका मोटारसायकलवर आले. मागं पोरगा बसलेला, त्याच्या मांडीवर दुपट्ट्यात बांधलेलं कॅबिनेट. कंपनीनं लीजवर, म्हणजे भाड्यानं, वापरून सोडलेला डेस्कटॉप, इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. पोराचे फॉर्म भरायला आणि अभ्यासाला म्हणून नागपुरातून आणलेला. काका म्हणाले, "भाऊ, बटन दाबून मी म्हशीले ढेप टाकून येतो, तरी थे फिरूनच रायते. फॉरमॅट मारून देजो."

मी म्हटलं, "काका, आधी पाहू तर द्या."

आधी नुसतं बघायचं

मशीन चालू करा, डेस्कटॉप आला की पाच मिनिटं हात लावू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी आली तर खालच्या 'मोर डिटेल्स'वर क्लिक करा. वरच्या पट्टीत सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी आणि डिस्क यांचे टक्के दिसतात. आपण काहीही उघडलेलं नसताना डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटून बसली असेल तर दुखणं डिस्कचं. मेमरी ऐंशी-नव्वदच्या वर असेल तर रॅम कमी. सीपीयू भरलेला दिसला तर त्या शीर्षकावर क्लिक करा, सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो. तो ओळखीचा नसेल तर व्हायरसचा संशय धरायचा.

काकांच्या मशीनची डिस्क शंभर टक्के आणि मेमरी अठ्ठ्याहत्तर.

डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. निळं 'गुड' आलं तर ठीक, पिवळं 'कॉशन' आलं की सावध व्हायचं, लाल आलं तर त्याच दिवशी डेटा काढायचा. खालच्या यादीत ०५ आणि सी५ या दोन ओळी बघा. पहिली सांगते की डिस्कवरच्या किती खराब जागा बाद करून राखीव जागा वापरल्या, दुसरी सांगते की किती जागा वाचताना अडकत आहेत. सी५ शून्याच्या वर असेल तर डिस्क एकेक जागा पुन:पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तेवढा वेळ आपण गोल फिरताना बघत बसतो. अशा डिस्कवर फॉरमॅट म्हणजे ओल आलेल्या भिंतीला चुना.

आणखी एक खूण. तारीख दर वेळी मागं जात असेल आणि चांगल्या वेबसाइटही 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत असतील, तर तो बहुतेक व्हायरस नसतो. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा गोल सेल संपलेला असतो. घड्याळाच्या दुकानात मिळतो. नवा बसवला की तारीख एकदा नीट लावायची, संपलं.

डेटा बाहेर, तोही सगळा

पेचकस हातात घेण्याआधी डेटा काढा. लोक म्हणतात, माझं सगळं डी ड्राइव्हला आहे. पण डेस्कटॉपवर ठेवलेलं, डाउनलोड्समधलं आणि डॉक्युमेंट्समधलं सी ड्राइव्हमध्येच असतं आणि फॉरमॅटमध्ये तेच जातं. त्या तिन्ही जागा, फोटो, ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. कॉपी झाल्यावर चार फायली दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा.

मराठीत काम करणाऱ्यांनी फॉन्टही घ्यायचे. जुने अर्ज, ठराव, पत्रिका श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर तशाच दिसणाऱ्या अक्षरांत, नाहीत. फॉन्ट गेला की फाइल उघडते, पण 'ग्रामपंचायत'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या 'फॉन्ट्स'मधून ते फॉन्ट कॉपी करून ठेवा.

आणि सेकंडहँड मशीनमध्ये आधीच्या मालकाचं काही सापडलं, कुणाचे आधार कार्डाचे स्कॅन, कुणाचे लग्नाचे फोटो, तर ते चाळत बसू नका. विकणाऱ्यानं पुसायला हवं होतं, त्यानं नाही पुसलं तर आपण पुसायचं.

कॅबिनेट उघडा

हा भाग लोक टाळतात. आमच्या भागात मात्र अर्धं काम इथंच असतं. जिनिंगच्या बाजूनं उडणारा कापूस, मळणीच्या दिवसांतला सोयाबीनचा भुसा, रस्त्याचा फुफाटा, देवघरातली राख, सगळं पंखा आत ओढतो.

मशीन बंद करा, वायर भिंतीच्या बोर्डातून काढा आणि मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट उतरतो. कॅबिनेट ओसरीत, सावलीत न्या. आतल्या भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा, अंगातली स्थिर वीज निघून जाते.

काकांचं कॅबिनेट उघडलं तर वरून पंखा बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होता. इथंच फसायला होतं. पंख्याचे चार स्क्रू काढून तो उचलला, तर खाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर राखाडी रंगाची सलग गादी. नखानं कडेला धरून ओढली तर घोंगडीचा तुकडा निघावा तशी एका पट्टीत निघून आली. त्यात कापसाचे तंतू होते, मिरचीच्या बीचा तुकडा होता आणि एक वाळलेली माशी. पंखा जीव तोडून फिरत होता, पण हवा खाली उतरतच नव्हती. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. बाहेर पंचेचाळीस, वर टिनाचं छप्पर, त्यात ही गादी. दुपारी मशीन मंद आणि पहाटे बरं, असं कुणी सांगितलं की मी आधी पेचकस घेतो.

साफ करायला रंगाचा मऊ ब्रश आणि हाताचा ब्लोअर पुरतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते भलत्या वेगानं फिरून बेअरिंग खराब होते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नका. त्यातून हवेबरोबर पाणी आणि तेलाचे थेंब येतात, आणि तो जोर बोर्डावरचे बारीक भाग उखडू शकतो. ओला फडका तर नाहीच. पॉवर सप्लायचा डबा बाहेरूनच झटका, उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. आत पालीचं घर झालंय असं वाटलं तर डबाच बदला.

हीटसिंक काढायचा असेल तर मशीन आधी दहा मिनिटं चालवून घ्या, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली जुनी पेस्ट नरम पडते. मग बंद करून, वायर काढून स्क्रू तिरपे तिरपे, थोडे थोडे सैल करा. हीटसिंक सरळ वर ओढू नका, डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सुटू द्या. एएमडीच्या जुन्या मशिनांत हे विशेष जपायचं, नाहीतर प्रोसेसरच हीटसिंकला चिकटून वर येतो आणि पिना वाकतात. काकांच्या प्रोसेसरवरची पेस्ट खडूसारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घेऊन ती पुसली आणि मधोमध तुरीच्या दाण्याएवढा नव्या पेस्टचा ठिपका ठेवला. हीटसिंक बसला की तो आपोआप पसरतो. भाकरीवर तूप लावल्यासारखी पेस्ट लावणारे कारागीर मी पाहिलेत, त्यानं काही साधत नाही.

रॅम काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबरनं पुसा, चुरा झटका, 'टक' आवाज येईपर्यंत परत बसवा. चालू केल्यावर बीप वाजून स्क्रीन काळीच राहणारी बरीच मशिनं एवढ्यानं उठतात.

लॅपटॉप असेल तर एकच जास्तीचं. तळ फुगलेला, टचपॅड वर आलेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. मशीन वापरणं थांबवा, बॅटरी जाणत्याकडून काढून घ्या, टोचू-दाबू नका.

पहिला पैसा कशावर

एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कवर. यात माझं मत पक्कं आहे.

जुन्या डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा वाचायला सुईसारखं हेड तिथं पोचायला आठ-नऊ मिलिसेकंद, आणि ती जागा फिरून हेडखाली यायला सरासरी चार. म्हणजे विखुरलेल्या फायली सेकंदाला जेमतेम ऐंशी वाचून होतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फायली मागतं. एसएसडीत फिरणारं काही नाही, ती सेकंदाला हजारोंनी वाचते. प्रोसेसर तोच राहतो, तरी मशीन बदलल्यासारखं वाटतं ते यामुळं.

जुन्या मशीनला अडीच इंची साटा (हार्ड डिस्कच्याच वायरला जोडायची) एसएसडी लागते, २४० किंवा २५६ जीबीची पुरते. ओळखीच्या कंपनीची, वॉरंटीची, बिलासहित घ्या. ऑनलाइन कुणी दोन टीबीची एसएसडी कवडीमोलानं देत असेल तर तिच्या पोटात एखादं छोटं मेमरी कार्ड निघतं. आकडा खोटा दाखवलेला असतो आणि खरी जागा भरली की डेटा गायब.

रॅम चारची आठ जीबी करा. घेताना जुनी पट्टी खिशात घालून न्या. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ च्या खाचा वेगळ्या, एकमेकींत बसत नाहीत. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, आणि चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला बहुधा कमी दाबाची डीडीआर-३एल लागते. रॅम वाढवून सिस्टिम ६४ ऐवजी ३२ बिटची ठेवाल तर वाढलेली रॅम वापरातच येणार नाही. काही दुकानदार 'हलकी पडते' म्हणून ३२ बिट टाकून देतात. सेटिंग्जमधल्या 'अबाउट'मध्ये हे दिसतं.

काकांना मी दोन्ही सांगितलं. ते म्हणाले, "एकच सांग, सध्या हाती तेवढाच पैसा हाय." एसएसडी घेतली, रॅम तशीच राहिली.

विंडोज की लिनक्स

आता फॉरमॅटची पाळी. पण काय टाकायचं?

विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, ८.१ चे १० जानेवारी २०२३ ला, विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी नोंदणी करून मिळणारी सुरक्षा-मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते. आपल्याकडे येणारी बरीचशी लीजची मशिनं दुसऱ्या ते चौथ्या पिढीची, ती यात बसत नाहीत. आडवाटेनं ११ टाकता येतं, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवर बँकेचं काम होतं तिथं मी ते टाकत नाही.

म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो, काम काय करता? सेवा केंद्र असेल, बोटाचे ठसे घ्यायचं यंत्र असेल, डिजिटल सहीचं टोकन असेल, तर विंडोजशिवाय भागत नाही. अशांनी सरळ आठव्या पिढीचं मशीन शोधावं, जुन्यावर पैसा घालू नये. काकांचा हिशेब मात्र अजून लाल वहीत. पोराला फॉर्म, व्हिडिओ, पीडीएफ आणि मराठी टायपिंग हवं. त्यांना मी विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स मिंट या सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुचवली. फुकट आहे, चार जीबी रॅमवर आरामात चालते आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. आणखी एक सोय म्हणजे डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं. पोरानं अर्धा तास वापरलं, वाय-फाय लागलं, आवाज आला, प्रिंटर सापडला. मग टाकलं.

टाकायची रीत

आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल, मिंटसाठी त्यांच्या साइटवरची आयएसओ फाइल आणि ती पेनड्राइव्हवर चढवणारं रुफस हे सॉफ्टवेअर. डाउनलोड काही जीबींचं असतं, मोबाइलच्या डेटावर एका दिवसात होत नाही. तालुक्याला गेलात की तिथून आणा. 'तयार' विंडोजची सीडी कुणाकडून घेऊ नका.

मशीन चालू होताना एफ२, एफ१०, एफ१२ किंवा डिलीट, कंपनीप्रमाणे जे असेल ते दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जा. तिथं साटा मोड 'आयडीई' असेल तर 'एएचसीआय' करा, नाहीतर एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही. हे इन्स्टॉलच्या आधीच करायचं, चालू विंडोजवर मोड बदलला तर ते उठत नाही. मग जुन्या हार्ड डिस्कची वायर काढून ठेवा. दोन्ही जोडून ठेवल्या तर मशीन सुरू करणारी बूटची फाइल कधी कधी जुन्या डिस्कवर जाऊन बसते आणि पुढं जुनी काढली की नवीही उठत नाही. माझं स्वतःचं असं दोनदा झालंय.

विंडोज १० पुन्हा टाकत असाल आणि ते आधी खरं ॲक्टिव्हेट असेल, तर की, म्हणजे लायसन्सचा नंबर, मागितल्यावर 'माझ्याकडे की नाही' निवडा आणि होम की प्रो, पूर्वीचीच आवृत्ती घ्या. लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, नेट लागलं की आपोआप लागू होतं. ॲक्टिव्हेटर नावाची फुकटची सॉफ्टवेअरं मात्र टाळा. ती चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करा म्हणतात. चोराला कडी आतून काढून देण्याचा प्रकार आहे तो.

ड्रायव्हर, म्हणजे आवाज, वाय-फाय असे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं, मशीनच्या मागच्या सिरीयल नंबरवरून कंपनीच्याच साइटवरून घ्या. वाय-फायचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हमध्ये ठेवा, नाहीतर नेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी नेट, असं अडकायला होतं. हॉटस्पॉटवर असाल तर विंडोजला ते कनेक्शन 'मीटर्ड', म्हणजे मोजून मिळणारं, आहे हे सांगा, नाहीतर दिवसाचा दीड जीबी सकाळीच संपेल.

खर्च करायचाच नसेल तर

मग धूळ काढून एवढं करा. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' टॅबमध्ये प्रिंटर आणि अँटिव्हायरस सोडून बाकी 'डिसेबल'. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा, ते एकमेकांवर पाळत ठेवत मशीन बसवतात. विंडोजमधला डिफेंडर पुरेसा आहे. पेनड्राइव्हमधले फोल्डर शॉर्टकट होत असतील तर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. मशीन गाढव करणारे 'पीसी क्लीनर', 'ड्रायव्हर अपडेटर', रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्रॅम सगळे काढा. कोपऱ्यात 'तुमच्या पीसीत व्हायरस सापडला' अशी पाटी उगवते ती बहुतेक वेळा ब्राउझरची नोटिफिकेशन असते. कधीतरी आपणच 'अलाव' दाबलेलं असतं. ब्राउझरच्या साइट सेटिंगमधून ती परवानगी काढली की थांबते.

सी ड्राइव्हमध्ये पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा. डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फायली एकत्र लावणं, हार्ड डिस्कला चालतो, एसएसडीला करू नका. दिखाऊ इफेक्ट बंद करताना 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडलंत तर फॉन्टच्या कडा गुळगुळीत करणारी एक खूण परत चालू करा. तिच्यावाचून देवनागरी दातेरी दिसते, वेलांटी आणि रफार ओळखू येत नाहीत.

ठेवायचं कुठं

जमिनीवर नाही, लाकडी स्टुलावर, भिंतीपासून वीतभर दूर. कूलरची ओली हवा सरळ मशीनवर नको. यूपीएस हवाच, कारण लिहिणं चालू असताना लाइट गेली की फायली बिघडतात. लेझर प्रिंटर त्याला जोडू नका, यूपीएस ओरडून बंद पडेल. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर दोष कॉम्प्युटरचा नाही, घराचं अर्थिंग तुटलेलं आहे. वायरमनला बोलवा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत जा, कोरड्या मातीत ते नुसतं नावाला उरतं.

पुढची झाडणी तुरीची मळणी आटोपली की, आणि मग एकदा नवतप्याआधी.

काकांचं मशीन आता बटण दाबल्यावर अर्ध्या मिनिटात उठतं. जुनी डिस्क त्यांना परत दिली. त्यात आधीच्या मालकाचं काय काय असेल कुणास ठाऊक, म्हणून भंगारात न टाकता त्यांच्यासमोरच उघडली, चकचकीत तबकडीवर पेचकसानं ओरखडे ओढले. आतून दोन लोहचुंबक निघाले, भलते जोरकस, बोट सापडलं तर काळं-निळं व्हावं असे. काकांनी ते रुमालात गुंडाळून नेले. परवा त्यांच्या दुकानी गेलो तर दाराच्या पत्र्याला एक चिकटवलेला होता आणि त्याखाली उधारीच्या चिठ्ठ्या.